जुन्या कागदावरची मिती : तिचे संकेत आणि तिची आपली आपण तपासणी

मोडीच्या वर्गात पहिल्याच दिवशी कोणीतरी हमखास विचारतं, "सर, ही मराठ्यांची गुप्त लिपी होती ना? म्हणजे कोडच?" नाही हो. मोडी भरभर लिहिण्यासाठी होती. आधी आडवी रेघ ओढायची, मग शक्यतो हात न उचलता खाली अक्षरं मोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, विरामचिन्हं नाहीत. सावकाराची वही, कुलकर्ण्याचं दप्तर, घरची पत्रं सगळी त्याच लिपीत. जी लिपी गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात होती ती गुप्त कशी असेल? आज आपल्याला वाचता येत नाही, एवढ्यावरून ती तेव्हा लपवण्यासाठी होती असं ठरत नाही.

पण प्रश्न अगदीच वाया जात नाही. 'कोड' हा शब्द आपण दोन उलट कामांसाठी वापरतो. एक कूट, म्हणजे तिसऱ्याला कळू नये म्हणून. दुसरा संकेत, म्हणजे थोडक्यात लिहावं आणि तरी वाचणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून. (मराठीत कोड म्हणजे त्वचेचा पांढरा डाग, लाडकोडातलं कोड वेगळं आणि कोडं आणखी वेगळं, ते सोडून देऊ.) कुटाचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण पानिपतानंतरचं. सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली ती मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि खुर्द्याची मोजदादच नाही. असे कागद थोडे, आणि गोष्टी सांगायला छान. माझा जीव मात्र दुसऱ्या जातीत अडकलेला आहे. तो कोड जवळजवळ प्रत्येक जुन्या कागदावर असतो आणि तिकडे कोणी बघत नाही. तो म्हणजे मिती.

आपल्या इंदुरातलंच उदाहरण घेऊ. देवी अहिल्याबाईंची पुण्यतिथी इथे भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला होते, पालखी निघते. पुण्या-नगरकडचे नातेवाईक त्याच सुमारास आले की म्हणतात, "अहो, पुस्तकात तर श्रावण वद्य चतुर्दशी दिलीय. तुम्ही महिनाभर उशिरा का करता?" उशिरा नाही, दिवस एकच आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव सारखं असतं, पण वद्य पक्ष आला की इथला पंचांगवाला एक नाव पुढे असतो. तिकडचा श्रावण वद्य तोच इकडचा भाद्रपद कृष्ण. इंग्रजी तारीख दोन्हीकडून १३ ऑगस्ट १७९५ हीच येते.

आता समजा, एखाद्याने इथली "भाद्रपद कृष्ण १४" घेतली आणि महाराष्ट्राच्या रीतीने मोजली. तो १२ सप्टेंबर १७९५ च्या आसपास पोचेल. एका महिन्याची चूक, आणि कागदाकडे नुसतं बघून ती दिसत नाही. पण मितीत वार लिहिलेला असेल तर दिसते. १३ ऑगस्ट १७९५ ला गुरुवार होता. १२ सप्टेंबरला शनिवार येतो. चांद्रमहिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे चार आठवडे आणि वर दीड दिवस. महिना चुकला की वार एक किंवा दोन घरं सरकणारच, तसाच राहूच शकत नाही.

माझं आयुष्य गेलं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. प्लँटमधून कंट्रोल रूमकडे आकडे जातात तेव्हा वाटेत मोटारींचा गोंगाट असतो, एखादा बिट उलटतो. म्हणून सात बिटांमागे आठवा बिट जोडायचा, तो असा की एकांची एकूण संख्या सम राहील. पलीकडे विषम आली की समजायचं, वाटेत काहीतरी बिघडलं. त्या आठव्या बिटाला स्वतःची काहीच बातमी नसते. तो फक्त तपासनीस. आधार क्रमांकाचा बारावा अंकही असाच आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, म्हणून एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर मशीन लगेच नाक मुरडतं. जुन्या मितीतला वार पहिल्यांदा असा वापरून बघितला तेव्हा मला हा आठवा बिटच आठवला. तिथी, महिना आणि शक दिला की दिवस ठरला, मग वार वेगळा सांगायची गरज काय? गरज नाही, आणि नेमका म्हणूनच तो कामाचा.

आणि तपासनीस एकटा वार नाही. अहिल्याबाईंच्या निधनाचाच दिवस त्या काळच्या निरनिराळ्या पद्धतींनी मांडून दाखवतो: शके १७१७, राक्षसनाम संवत्सर, श्रावण वद्य १४, गुरुवार. शुहूर सन सीत तिसैन मया व अलफ. चंद्र २७ मोहरम. राज्याभिषेक शक १२२. सगळं एकाच कागदावर क्वचित सापडतं, पण यातल्या तीनचार गोष्टी बहुतेक कागदांवर असतात.

आधी संवत्सर. प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ नावं आहेत, ती क्रमाने फिरतात. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो नावाचा क्रमांक. १७१७ अधिक १२ म्हणजे १७२९, भागून बाकी ४९, एकोणपन्नासावं नाव राक्षस. पानिपत शके १६८२ : बाकी १४, विक्रम. शिवराज्याभिषेक शके १५९६ : बाकी ४८, आनंद. (बाकी शून्य आली तर साठावं, क्षय.) हे तोंडी जमतं, पंचांग लागत नाही. मात्र ही दक्षिणेची रीत. उत्तरेकडे विक्रम संवताबरोबर जे संवत्सर लिहितात ते गुरूच्या गतीने चालतं, त्यात साधारण ८५ वर्षांत एक नाव गळतं, त्यामुळे ते आपल्या नावाच्या बरंच पुढे गेलेलं आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या कागदांत दोन्ही सापडतात. नाव जुळलं नाही तर लेखकाला लगेच चुकीचा ठरवू नका, आधी ते नाव शकाला जोडलंय की संवताला ते पाहा.

मग शुहूर सन. नवशिके घाबरतात तो हाच. हे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि एकंपासून सुरू करतात. एक ते नऊ : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा अशर. मग अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. तेव्हा सीत तिसैन मया व अलफ म्हणजे ६ अधिक ९० अधिक १०० अधिक १०००, एकूण ११९६. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलतं, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. जून ते डिसेंबरात ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमध्ये ६००. ऑगस्ट आहे म्हणून ११९६ अधिक ५९९, आलं १७९५.

शब्दांत का, अंकांत का नाही? चेकवर रक्कम अक्षरी का लिहितात? अंक बदलायला एक फराटा पुरतो, शब्द बदलायला कागद खरवडावा लागतो. कॉलेजात असताना मला हॅम रेडिओचा नाद होता. तिथेही खरखरीत बी, डी, पी, टी सगळं एकसारखं ऐकू येतं, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो म्हणायचं. अक्षर एक, पण त्याच्यासाठी अख्खा शब्द खर्च करायचा. आपल्या संस्कृत ग्रंथकारांनी आकड्यांसाठी भू म्हणजे एक, वेद म्हणजे चार, मुनी म्हणजे सात असे शब्द योजले. त्यांना ते श्लोकात बसवायचे होते हे खरं, पण नकलकाराच्या हातून बिघडू नयेत हा फायदाही झालाच. मुनी-भू-मुनी-भू, उजवीकडून डावीकडे वाचलं की १७१७. तिथेही एकं आधी, शुहूर सनासारखंच.

शुहूर सनाचा धोका वेगळ्या जागी आहे. सबा सात आणि सबैन सत्तर, समान आठ आणि समानीन ऐंशी, अर्बा चार आणि अर्बैन चाळीस. वाळवीने शेवटचं अक्षर खाल्लं की गेलीच वर्षं. दुसरा धोका त्याहून मोठा, तो हिजरीशी घोटाळ्याचा. शब्द अरबी, महिने मोहरम-सफर, तेव्हा सनही हिजरीच असणार असं वाटणं साहजिक आहे. पण हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं आणि शुहूर वर्ष सौर. दोन्हींचा आकडा १३४४ च्या सुमारास एकच होता, शुहूर तेव्हापासून सुरू झाला असं मानतात. पुढे दर शंभर वर्षांत हिजरी तीनेक वर्षं पुढे जात राहिला. अहिल्याबाई गेल्या तेव्हा शुहूर ११९६ होता आणि हिजरी १२१०.

या चौदा वर्षांचं काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, घराण्याचं नाव नको. इंदुराजवळचं एक देवस्थान, पूजेची पाळी घराण्याच्या दोन शाखांत वाटलेली, आणि थोरली शाखा कोणती यावर तीन पिढ्यांचा अबोला. दोघांचाही आधार एकच : जमिनीची एक सनद. कधीतरी कोणीतरी तिची देवनागरी नक्कल करून वर इंग्रजी साल घातलं होतं, १७६७. त्या सालाप्रमाणे सनद मिळालेला माणूस आजोबा ठरत होता. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. नाव तेच, वडिलांचं नाव मागच्या-पुढच्या पिढीत आलटून-पालटून तेच. तेव्हा साल बदललं की माणूस बदलतो आणि माणूस बदलला की शाखा.

मूळ सनदेवर होतं : समानीन मया व अलफ, म्हणजे ११८०. नक्कल करणाऱ्याने तो हिजरी धरला होता. हिजरी ११८० मधला माघ महिना येतो १७६७ च्या फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणून १७६७. पण त्याच ओळीत पुढे माघ शुद्ध आणि 'विकारीनाम संवत्सरे' असं होतं, ते नकलेतून गळलं होतं. १७६७ चा माघ शके १६८८ चा : १२ मिळवून भागा, बाकी २०, व्यय. विकारी नव्हे. शुहूर धरून ११८० अधिक ६०० केलं की १७८०, शके १७०१, बाकी ३३, विकारी. जुळलं. तेरा वर्षांत आजोबा वारले होते हे दुसऱ्या कागदावरून दोन्ही शाखांना मान्यच होतं. सनद नातवाची निघाली. अबोला सुटला का? अर्धा. एका शाखेने मानलं, दुसरीने मला चहा देणं बंद केलं.

गंमत बघा, कागदाने स्वतःची साक्ष दोनशे चाळीस वर्षं जपून ठेवली होती. ती घालवली नकलेने, कारण नक्कल करणाऱ्याला वाटलं की साल कळलं, आता संवत्सराचं काय काम.

निसर्गातही असा जास्तीचा पसारा आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी. डीएनएची चार अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात, असे ६४ गट. त्यांतले तीन 'थांबा' सांगतात, उरलेले ६१ फक्त २० अमिनो आम्लांसाठी. हा तक्ता उलगडण्यात आपल्या हरगोविंद खोरानांचा वाटा होता, १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह मिळालं. एका आम्लाला अनेक गट असल्यामुळे तिसरं अक्षर बदललं तरी पुष्कळदा तेच आम्ल येतं. ग्लायसीनच्या बाबतीत तर तिसरं अक्षर चारांपैकी कुठलंही चालतं. म्हणजे तिथे चूक पचवली जाते, कळत नाही. आमच्या मितीत चूक पचत नाही, बोंबलते. इतिहासवाल्याला दुसरी तऱ्हा बरी.

प्रत्येक तपासनीस वेगळा चोर पकडतो हे मात्र लक्षात असू द्या. सबा-सबैनचा किंवा हिजरी-शुहूरचा घोळ संवत्सर पकडतं. श्रावण-भाद्रपदाचा घोळ त्याला दिसत नाही, कारण वर्ष तेच राहतं. तो वार पकडतो, किंवा मुसलमानी महिना. चंद्राचा आकडा तिथीशीही बांधलेला आहे. शुद्ध पक्षात तो तिथीहून एखाद-दोनने कमी असतो, कारण तिकडे चंद्र दिसल्यावर महिना सुरू होतो. वद्य पक्षात तिथीत १५ मिळवून मग तेवढेच वजा करायचे. वद्य १४ म्हणजे २९, वजा दोन, २७ मोहरम. पानिपत पौष शुद्ध ८, चंद्र ७ जमादिलाखर. नक्षत्र असेल तर तेही बोलतं, कारण महिन्याचं नावच पौर्णिमेच्या नक्षत्रावरून पडलेलं. फाल्गुनात पौर्णिमेला चंद्र फल्गुनीच्या आसपास असतो, मग तीनेक दिवसांनी तो हस्ताकडे आलेला असायला हवा.

हे शेवटचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद सर्वांना ठाऊक आहे. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार, हस्त नक्षत्र ही नोंद पुढे आली. १५५१ अधिक १२, बाकी ३, शुक्ल. १९ फेब्रुवारी १६३० ला वार शुक्रवार. वद्य तृतीयेला हस्त. एकाच नोंदीतल्या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच दिवसावर येऊन थांबतात. नोंद अस्सल माणसाची की नाही हा वाद इतिहासकारांनी करावा, पण नकलेत ती बिघडलेली नाही एवढं मी इंजिनिअर म्हणून छातीठोक सांगतो.

मर्यादाही आहेत. तिथीचा क्षय-वृद्धी आणि पंचांगापंचांगांतला फरक यामुळे वार एका घराने हलला तर ती चूक नसेलही, दोन घरं हलला तर कान टवकारा. बरोबर साठ वर्षांचा घोळ संवत्सराला कळत नाही. तिथे राज्याभिषेक शक उपयोगी पडतो, त्यात १६७३ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते ज्येष्ठ असेल तर १६७४. व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो आणि पंचांगात चैत्रात, तेव्हा वही कुणाची हे आधी विचारा. आणि १७५२ पूर्वीचे इंग्रजांचे कागद हाताशी असतील तर त्यांचं कॅलेंडर जुनं आहे हे विसरू नका. पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच नवं घेतलं होतं. राज्याभिषेकाचा दिवस सुरतेच्या इंग्रजाला ६ जून, गोव्याच्या पोर्तुगिजाला १६ जून. वार दोघांचाही शनिवार. तारीख दहा दिवसांनी फाटली, वार मात्र कुणीच मोडला नाही.

आता कामाचं. सध्या घरोघरचे कागद स्कॅन होताहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक याद्यांत एकच रकाना असतो : 'दिनांक'. त्यात कुणीतरी आपल्या समजुतीप्रमाणे ०१-०१-१७६७ टाकतो आणि मूळची अख्खी ओळ संपते. कॉम्प्युटर ते साल सनावळीत बसवतो, पुढचा माणूस तिथून उचलतो. आमच्या मंडळाच्या यादीत आम्ही 'मिती, जशी लिहिली तशी' हा रकाना पहिला ठेवलाय. त्यात वार, नक्षत्र, संवत्सर, चंद्र, काही म्हणजे काही गाळायचं नाही, न कळलेलं अक्षरसुद्धा चित्र काढून ठेवायचं. इंग्रजी तारीख शेवटी, आणि ती कुणी व कशी काढली तेही.

फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. सरकारी आज्ञापत्रांत, सनदांत शुहूर सन वरच्या भागात 'सु॥' असं करून लिहितात, आणि चंद्र व महिना अगदी शेवटी, 'मोर्तब सूद'च्या आधी, 'छ' हे अक्षर घालून. म्हणजे वर्ष एका टोकाला, दिवस दुसऱ्या टोकाला. मला पुष्कळ जण फक्त शिक्क्याचा किंवा फक्त शेवटच्या बंदाचा फोटो पाठवतात, कारण तो दिसायला छान असतो. दोन्ही टोकं पाठवा. बंद एकमेकांना चिकटवलेले असतील तर सांध्यामागची बाजूही पाठवा, तिथेही कधी शेरा सापडतो.